ओल्या लाकडावरचा स्टेक

आमच्या गावात स्टेक तव्यावर भाजून खाणारा माणूस एकच होता, क्लोव्हिस विदो. बाकी सगळे, अगदी पाद्रीबुवासुद्धा, अंगणात द्राक्षाच्या वाळक्या काड्या पेटवायचे, निखारा पडला की वर जाळी ठेवायचे आणि बैलाच्या बरगडीचा तीन बोटं जाडीचा तुकडा त्यावर टाकायचे. वर बारीक चिरलेले छोटे गुलाबी कांदे, जाडं मीठ, आणि शेजारी आपल्याच बागेची लाल वाइन. ज्या वेलीची काडी, त्याच वेलीची बाटली, असा आमच्याकडचा नेम आहे. बोर्दोच्या हॉटेलवाल्यांनी काहीही वाढावं, आम्हाला त्याचं काही नाही.

क्लोव्हिसच्या घरातून रविवारी दुपारी तव्याचा चर्र आवाज यायचा आणि लोक म्हणायचे, "विदोची चूल आजारी आहे वाटतं." तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. एकोणीसशे छप्पनच्या एप्रिलनंतर त्याने जाळीवर भाजलेला स्टेक उभ्या जन्मात एकदाच खाल्ला. त्याची बायको आलिदा हिने म्हातारपणी मला ते सगळं सांगितलं. मी क्लोव्हिसला पुष्कळ वर्षं ओळखत होतो आणि तो मला आवडायचा, हेही आधीच सांगून टाकतो.

एके काळी याच माणसाइतका हात जाळीवर कुणाचा बसलेला नव्हता. तो सांगायचा, "नवी वाइन एकटी प्यायलात तर जीभ ओढून धरते. मांस एकटं खाल्लंत तर चरबी टाळूला चिकटते. दोघंही भांडकुदळ. पण एका ताटात बसवा, गुण्यागोविंदाने नांदतात." लोकांनी हे शंभरदा ऐकलं होतं, तरी ऐकायचे, कारण पुढच्याच क्षणाला तो तुकडा उलटायचा आणि अंगणभर वास सुटायचा.

त्याची दुसरी ख्याती याहून मोठी होती. वेल पाहावी तर क्लोव्हिसने. काडीवर अंगठ्याचं नख मारलं, खिशातल्या चाकूने सालीचा एक पापुद्रा काढला, की ही जगेल, ही मेली, असं तो जागच्या जागी सांगायचा. पंचवीस वर्षांत त्याचा शब्द खोटा ठरला नव्हता. आजूबाजूच्या चार गावांत त्याचं म्हणणं काळ्या दगडावरची रेघ होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते जरा जास्तच आवडायचं.

मेसां गुर्दे हा त्याचा जिवाचा मित्र, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. दोघं चाळीस सालच्या युद्धात एकाच दिवशी जर्मनांच्या हाती सापडले आणि पाच वर्षं एकाच कैदी-छावणीत एकावर एक फळ्यांवर झोपले. तिथे रताळ्यासारख्या कसल्याशा कंदाचं पाणचट कालवण मिळायचं. ते संपलं की मेसां वरच्या फळीवरून विचारायचा, "आज काय भाजायचं?" मग दोघं मिळून तोंडानेच स्टेक भाजायचे. काड्या कुठल्या बागेतल्या, मीठ कधी टाकायचं, बाटली कुठल्या सालची. या खेळाचा एकच नियम होता, खोटं बोलायचं नाही. जो स्टेक खरोखर खाल्ला असेल तोच भाजायचा, जी बाटली खरोखर प्यायली असेल तीच उघडायची. एकदा भुकेने वेडा होऊन दुसरा एक कैदी पॅरिसच्या कुठल्या मोठ्या हॉटेलातली बाटली उघडायला लागला, तर मेसांने त्याला हाकलून दिलं. क्लोव्हिसने पाच वर्षांत एकही खोटी बाटली उघडली नाही.

छप्पन सालचा जानेवारी उबदार गेला. बदामाला फूल आलं, वेलींत रस चढायला लागला. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका रात्रीत उत्तरेचा वारा सुटला. पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर गेला आणि तीन आठवडे तिथेच मुक्काम ठोकून बसला. पहाटे बागेतून बंदूक झाडल्यासारखे आवाज यायचे. आत रस गोठून खोडं फुटत होती. लोक उंबऱ्यात उभे राहून ते आवाज ऐकायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

बर्फ सरल्यावर सगळे क्लोव्हिसकडे आले. तो ओळीमागून ओळ फिरला. नख मारलं, तपकिरी. चाकू लावला, तपकिरी, आतपर्यंत. त्याची स्वतःची वरची पट्टी त्याच्या वडिलांनी त्याच्या जन्माच्या वर्षी लावलेली होती, तिथेही तेच. मार्चअखेरीस चौकात, पाव घ्यायला आलेल्या बायकांसमोर, त्याने निकाल दिला. "गेल्या. सगळ्या गेल्या. उपटून टाका आणि नव्या लावा."

उपटायला यंत्र लागतं. साखळी ओढणारा ट्रॅक्टर साऱ्या भागात एकच होता, आणि त्याच्या पाळ्या लागल्या होत्या. क्लोव्हिसची पाळी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होती, मेसांची त्यानंतरच्या सोमवारी. पाळी चुकली तर पुढची थेट हिवाळ्यात, म्हणजे अख्खं वर्ष वाया.

आलिदा एवढंच म्हणाली, "मातीखाली बघितलंस का?"

आमच्याकडे द्राक्षं काढून झाली की नांगराने माती वेलींच्या पायाशी ओढतात, गुडघ्याएवढा ढीग करतात आणि वसंतात तो पुन्हा मोकळा करतात. थंडी कलमाच्या जोडापर्यंत पोचू नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत. त्या नोव्हेंबरात क्लोव्हिसने घोडा जुंपून दोन दिवस खपून स्वतःच्या हाताने प्रत्येक ओळीला माती ओढली होती. मुलाच्या अंगावर गोधडी घालावी तशी घातली, आणि थंडी गेल्यावर ती उचलून आत मात्र त्याने बघितलं नाही. फेब्रुवारी-मार्चात माती दगडासारखी घट्ट होती म्हणून नाही बघितलं. नंतर चौकात शब्द देऊन झाला होता म्हणून नाही बघितलं.

"मढ्याच्या पायाला गुदगुल्या करून बघायच्या का आता?" तो म्हणाला.

"कर की. तुझं काय जातंय?"

"आलिदा, वेलीतलं मला शिकवू नकोस."

मग ती गप्प बसली. ते चुकलं असं ती मरेपर्यंत म्हणत होती. "हातात खुरपं होतं माझ्या, कांद्याच्या वाफ्यात बसले होते. उठून दहा पावलं गेले असते तर?" पण नवऱ्याच्या शब्दाचा मान राखायची सवय तिला लागलेली होती, आणि अशा सवयी पुढे फार महागात पडतात.

ट्रॅक्टर आला. साखळी खोडाला अडकवायची, झटका बसायचा, आणि चव्वेचाळीस वर्षांची वेल दात उपटल्यासारखी बाहेर यायची. दोन दिवसांत वरची पट्टी मोकळी झाली. क्लोव्हिसने एकाही खोडाकडे वाकून पाहिलं नाही. टोपी डोळ्यांवर ओढून तो बांधावर उभा होता.

बाग काढली की तिला निरोप द्यायचा, हीही आमची रीत. त्या बागेच्या काड्यांच्या मोळ्या पेटवायच्या, मागे तिचंच एक खोड ठेवायचं, त्यावर स्टेक भाजायचा आणि तिचीच वाइन प्यायची. रविवारी दुपारी क्लोव्हिसच्या अंगणात टेबल मांडलं. मेसां आला, ट्रॅक्टरवाले दोघे आले, आणि शेजारची झेलीमावशी आली. या विधवा बाईने एकटीनेच उपटायला नकार दिला होता. "माझ्या नवऱ्याने लावलीय. मेली तर मेली, उभी राहू दे. मी तरी कुठे फार जिवंत आहे," असं तिने ट्रॅक्टरवाल्याला तोंडावर सांगितलं होतं.

क्लोव्हिसने त्रेपन्न सालच्या दोन बाटल्या उघडल्या. काड्या भडकल्या, खाली बसल्या, लाल निखारा पडला. मग त्याने ढिगातलं एक जाड खोड उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. "बघा. हाड झालंय नुसतं. काडेपेटीसारखं पेटेल."

त्याने ते निखाऱ्याच्या मागे ठेवलं आणि जाळीवर मांस टाकलं.

पेटलं नाही. आधी नुसता धूर आला, पांढरा, डोळ्यांत जाणारा. मग एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. क्लोव्हिस वाकला. खोडाच्या तुटलेल्या टोकातून, जो भाग मातीखाली होता तिथून, पाणी उकळून बाहेर येत होतं. फेस, थेंब, पुन्हा फेस. वसंतात जिवंत वेल छाटली की तिला असंच पाणी सुटतं. वेल रडते, असं आम्ही म्हणतो, आणि ती रडायला लागली की आम्हाला आनंद होतो.

दहा दिवसांत पाऊस नव्हता. दव नव्हतं. त्याने सबबी शोधल्या, आणि त्या मिळाल्या नाहीत.

तो ढिगाकडे गेला. आणखी सरपण आणतो असं दाखवलं, सगळ्यांकडे पाठ केली आणि दुसऱ्या खोडाच्या पायावर चाकू चालवला. वर तपकिरी. चार बोटं खाली, जोडापाशी, ओलं हिरवं. तिसरं खोड. हिरवं. आलिदा पावाची टोपली घेऊन त्याच्या मागे उभी होती, आणि तिने ते पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. त्याने चाकू मिटून खिशात टाकला.

जाळीपाशी येऊन त्याने ते रडणारं खोड चिमट्याने मागच्या राखेत ढकललं आणि वर काड्यांची एक सबंध मोळी टाकली. ज्वाळा उठली. शीळ तिच्याखाली दबली.

"धूर झोंबतोय रे," समोर बसलेला मेसां डोळे पुसत म्हणाला.

"वारा फिरलाय," क्लोव्हिस म्हणाला आणि त्याला सगळ्यात चांगला तुकडा वाढला.

मांस कडवट लागलं. ओल्या लाकडाच्या धुराची चव सगळ्यावर बसली होती आणि वाइनसुद्धा ती धुऊन काढू शकली नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी मुकाट्याने खाल्लं. झेलीमावशी म्हणाली, "क्लोव्हिस, तुझ्या हातचा इतका वाईट स्टेक मी पहिल्यांदाच खातेय. बापाची बाग गेली, चालायचंच." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, ट्रॅक्टर मेसांच्या बागेत जायचा होता. मेसांला मुलगा नव्हता, एक मुलगी होती ती बोर्दोत नांदत होती. चोपन्नाव्या वर्षी नव्या वेली लावून, चार वर्षं फळाची वाट बघून, पुन्हा उभं राहायचं बळ त्याच्यात नव्हतं, हे सगळ्या गावाला दिसत होतं. त्याच्याकडे होती ती तेवढी बाग, आणि तिच्या पायाशीही त्याच नोव्हेंबरात माती ओढलेली होती.

पाहुणे गेले. आलिदा ताटं घासायला बसली नाही. "आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली. "तीन शेतं ओलांडलीस की त्याचं दार. म्हणावं, थांब. जूनपर्यंत थांब. बास, एवढंच."

"आणि गाव काय म्हणेल? माझ्या शब्दावर किती जणांनी उपटल्या, मोजल्यास?"

"त्या गेल्या. ही अजून आहे."

तो टोपी घालून निघाला. जाईपर्यंत त्याच्या मनात सांगायचंच होतं, हे मी मानतो. आलिदाही मानायची.

मेसां स्वयंपाकघरात एकटाच बसला होता. त्याने दोन पेले काढले. दोघं प्यायले. क्लोव्हिस वाऱ्याबद्दल बोलला, ट्रॅक्टरच्या साखळीबद्दल बोलला, पुढच्या आठवड्यातल्या बाजाराबद्दल बोलला. तोंडापर्यंत शब्द यायचा आणि चौकातल्या त्या बायका, त्यांच्यासमोर निकाल देत उभे असलेले आपण, सगळं डोळ्यांपुढे यायचं. दुसरा पेला संपत आला तेव्हा मेसांने सरळ त्याच्याकडे बघून विचारलं, "क्लोव्हिस, उद्या काढू ना?"

खिडकीतून बाग दिसत होती. संध्याकाळचं ऊन तिच्यावर होतं.

"काढ," क्लोव्हिस म्हणाला.

घरी आल्यावर त्याने आलिदाला सांगितलं, "तो झोपला होता." तिने विश्वास ठेवला नाही. सकाळी ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला तेव्हा तिने घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

जूनमध्ये झेलीमावशीच्या बागेत, मेलेल्या खोडांच्या पायाशी, मातीतून हिरवे कोंब आले. सगळ्या वेलींना नाही, पण निम्म्याहून जास्त वेलींना. लोक बघायला जमले. क्लोव्हिसही गेला, न जाऊन कसं चालणार? कुणीच त्याला काही बोललं नाही. त्या वर्षी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ शहाण्यांनी हीच चूक केली होती. मेसां बांधावर टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा होता. मग तो क्लोव्हिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला तरी कसं कळणार होतं?" आणि घरी गेला.

पुढच्या वर्षी त्याने जमीन विकली आणि बोर्दोत मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला गेला. तिथे खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. क्लोव्हिस त्याला भेटायला कधी गेला नाही. कामं होती म्हणायचा. वरच्या पट्टीत त्याने नव्या वेली लावल्या, त्या चांगल्या आल्या. वेल बघायला कुणी बोलावलं तर तो आता म्हणायचा, "दुसऱ्या कुणाला विचारा." लोकांना वाटायचं हा नम्रपणा, आणि त्याची किंमत गावात आणखीच वाढली. अंगणातली जाळी गंजली. स्टेक तव्यावर गेला.

त्या रविवारनंतर अकरा वर्षांनी, सदुसष्टच्या ऑक्टोबरात, दुपारच्या बसमधून मेसां उतरला. हडकला होता. चार पावलं चालला की थांबायचा. एका काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती आणि दुसऱ्या हातात खाटकाच्या कागदातली पुडी.

"डॉक्टरने मांस आणि वाइन दोन्ही बंद केलंय," तो दारातच म्हणाला. "म्हणून आणलं. माझ्या बागेची ही शेवटची बाटली, त्रेपन्नची. काड्या तुझ्या. मला सहाच्या बसने परत जायचंय."

"मेसां, आता मी जाळीवर..."

"आज काय भाजायचं?" मेसांने विचारलं, अगदी वरच्या फळीवरून विचारावं तसं.

आलिदाने गोठ्यामागून वाळक्या काड्यांची मोळी आणली. जाळी विटेच्या तुकड्याने घासून काढली. क्लोव्हिसचे हात विसरले नव्हते. काड्या भडकल्या, बसल्या, निखारा पडला. तुकडा वेळेवर उलटला, मीठ वेळेवर पडलं. धूर सरळ वर गेला. कांदे टाकून त्याने दोन ताटं केली आणि मेसांने बाटली उघडली. वाइनचा रंग कडेने विटकरी झाला होता. वास अजून चांगला होता.

मेसांने एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिला. क्लोव्हिसच्या ताटाला अजून हात लागला नव्हता.

"मेसां," तो म्हणाला. "त्या रविवारी मला कळलं होतं. तुझ्याकडे आलो तेव्हा मला माहीत होतं. मी चाकू लावून बघितलं होतं. हिरवं होतं."

आलिदा दारात होती. तिने हातातलं फडकं तोंडाला लावलं.

मेसांने डोळे उघडले. रागावला नाही. त्याने दुसरा घास कापला.

"मी तुझ्या समोरच बसलो होतो," तो म्हणाला. "खोडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं. तू ते मागे ढकललंस तेही पाहिलं."

"पाहिलंस? मग उपटलीस का?"

"म्हणून तर संध्याकाळी तुला विचारलं. तू म्हणालास, काढ." मेसांने पाव तोडला. "छावणीत पाच वर्षं ऐकलं होतं तुला, एकदाही खोटं नाही. मला वाटलं, पाणी दिसलं हा माझ्याच डोळ्यांचा दोष असणार."

मेसांने बाटली उचलली, दोन्ही पेले सारखे भरले आणि एक क्लोव्हिसच्या पुढ्यात सरकवला.

"गार होतोय," तो म्हणाला. "खा."

क्लोव्हिसने चाकू घेतला आणि खाल्लं, शेवटच्या तुकड्यापर्यंत, कारण मेसां समोर बसून बघत होता. मग सहाची बस आली.